बुडबुडा आहे तोवर

"ताई, मी डोंबिवलीत राहते. घरी नवरा, सासूबाई आणि लेक. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वय ४४. लहानपणापासून मोठा मायनस नंबर. २४ दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याचा पडदा सरकला म्हणून मुंबईत ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅस भरलाय, तो सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जाईल असं सांगितलंय. दहा दिवस पालथी पडून काढले, फरशीशिवाय काही पाहिलं नाही. आता लाली गेली, डोळा बाहेरून अगदी बरा दिसतो. पण आत पाणी हलावं तसं सारखं काहीतरी डुचमळतं. सासूबाई म्हणतात, शेजारच्या काकू मोतीबिंदूनंतर आठव्या दिवशी स्वयंपाकाला लागल्या, तू अजून पडूनच. लग्नसराई तोंडावर आहे, १७ ब्लाउज घरात पडलेत, गिऱ्हाइकांचे रोज फोन. काल चहा कपाबाहेर ओतला आणि रडूच फुटलं. पंधरा दिवसांनी भाच्याचं लग्न पाचगणीला आहे. मामी म्हणून जायलाच हवं. लग्नाला जाऊ ना? मशीनवर कधी बसू? आणि दुसऱ्या डोळ्यालाही असंच झालं तर?"
– एक शिवणकाम करणारी, डोंबिवली

ताई, लग्नाचं आधी सांगते, कारण घरात तयारी सुरू झाली असेल. डोळ्यात गॅसचा बुडबुडा आहे तोवर पाचगणीला जायचं नाही. गाडी हळू नेऊ, काचा बंद ठेवू, एसी लावू, असं कोणी म्हणालं तरी नाही.

कारण साधं आहे. डोंबिवली जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. आपण जितकं वर चढतो तितका बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की कोंडलेला गॅस फुगू पाहतो. पाचगणीच्या उंचीवर तो साधारण सहाव्या हिश्शाने फुगतो. फुग्यात असता तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण डोळा हा बंद गोल आहे, त्यात फुगायला जागा नाही. मग आतला दाब चढतो, असह्य दुखतं, नजर अंधारून येते, डोळ्याचा रक्तपुरवठा अडतो, आणि काही तासांत दृष्टी कायमची जाऊ शकते. पाचगणी तर लांबच, खंडाळ्याचा घाटसुद्धा ६०० मीटरच्या आसपास नेतो. नाशिकला जाताना कसारा घाट लागतो, तिथेही तेच. विमान तर अजिबातच नाही. म्हणून गॅस असेपर्यंत कोणताही घाट चढण्याआधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना विचारायचं. ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना नाही, त्यांनाच, कारण कोणता गॅस आणि किती भरला हे त्यांना ठाऊक आहे.

तुमच्या डोळ्यातला गॅस बहुधा जास्त दिवस टिकणारा आहे, त्याला सी-थ्री-एफ-एट म्हणतात. दुसरा एस-एफ-सिक्स, तो दोनेक आठवड्यांत विरतो. लग्नाच्या दिवशी ऑपरेशनला साडेपाच आठवडे झालेले असतील, म्हणजे बुडबुडा असेलही आणि नसेलही. लग्नाच्या दोन दिवस आधीची तपासणीची वेळ आजच मागून घ्या. डॉक्टर आत डोकावून "गॅस गेला, जा" म्हणाले तर पैठणी काढा. नाही म्हणाले तर नाही. आणि एक करा, भाच्याला केळवणाला या आठवड्यातच डोंबिवलीला बोलवा. स्वयंपाक जावेला सांगा नाहीतर बाहेरून आणा. औक्षण तुमच्या हातून होऊ दे. मामीचा मान तिथे होईल, आणि लग्नाला का येत नाही हे नणंदेला समोरासमोर बसून सांगता येईल. फोनवर ते कारण खोटं वाटतं.

आणखी एक गोष्ट या गॅसबद्दलच. काही दवाखान्यांत रुग्णाच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधतात, डोळ्यात गॅस आहे असं लिहिलेली. तुम्हाला बांधली असेल तर काढू नका. नसेल तर फाइलीतल्या कार्डाचा फोटो फोनमध्ये आणि नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा. या काळात देव न करो दुसरं काही ऑपरेशन करावं लागलं किंवा दाताला भूल द्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं. भुलीसाठी वापरतात तो नायट्रस ऑक्साइड डोळ्यातल्या बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो.

आता सासूबाईंचं. त्यांच्यावर रागावू नका. आपल्याकडे डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की मोतीबिंदूच डोळ्यांसमोर येतो, आणि मोतीबिंदूनंतर माणसं खरंच आठवडाभरात हिंडूफिरू लागतात. ते काम डोळ्याच्या पुढच्या भागात असतं, जुनं भिंग काढून नवं बसवायचं. तुमचं मागच्या बाजूचं. पडदा म्हणजे डोळ्याचं अस्तर समजा. अस्तराला कुठेतरी फट पडली, तिच्यातून पाणी मागे शिरलं आणि अस्तर कापडापासून सुटलं. डॉक्टरांनी ते परत बसवलं, फटीच्या कडेने लेझरने टाचून घेतलं, आणि ती टाचण पक्की होईपर्यंत आतून दाबून धरायला गॅस भरला. कॅनव्हास चिकटवताना तुम्ही इस्त्री दाबून धरता ना, तसं. त्या दाबासाठीच दहा दिवस पालथं झोपायचं होतं, कारण गॅस हलका, तो नेहमी वर जातो. पालथं झोपलं की डोळ्याचा मागचा भाग वर येतो आणि बुडबुडा नेमका तिथे जाऊन टेकतो. हे सासूबाईंना याच शब्दांत सांगा. अस्तर त्यांना कळतं.

तरी माझ्या मते खरी अडचण समजुतीची नाही. डोळा बाहेरून बरा दिसतो ही अडचण आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर हात लावून कळतो. तुमचा बुडबुडा साऱ्या जगात फक्त तुम्हालाच दिसतो. म्हणून तो इतरांना दाखवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी त्या दिवसाच्या चौकटीत एक छोटा गोल काढा. डावा डोळा हाताने झाकून उजव्याने समोरच्या भिंतीकडे बघा. वरचा भाग थोडा स्पष्ट, मग एक आडवी रेष, रेषेखाली सगळं गढूळ, असं दिसेल. ती रेष गोलात जिथे आहे तिथे ओढा. दिवसेंदिवस ती खाली सरकेल. बुडबुडा असतो डोळ्याच्या वरच्या भागात, पण पडद्यावर चित्र उलटं पडतं म्हणून तो खाली दिसतो. शेवटी वाटाण्याएवढा गोळा तळाशी डुचमळत राहील, कधी फुटून त्याचे दोन-तीन होतील. घाबरू नका, ती जायची लक्षणं आहेत. हे गोल घरातली सगळी माणसं जाता-येता बघतील. "अजून बरी नाही झालीस?" याचं उत्तर तुम्हाला तोंडाने द्यावं लागणार नाही.

हे मी स्वतःवरून सांगते आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचं हेच ऑपरेशन झालं. तेव्हा मी एका कचेरीत नोकरीला होते. डोळा लाल नव्हता, चष्मा तोच होता. कोणाला काही न सांगता सोळाव्या दिवशी रुजू झाले. चौथ्या दिवशी जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं समजून पाऊल टाकलं, तर एक पायरी उरली होती. गुडघा पुढे महिनाभर सुजलेला होता. हाताखालची मुलगी धावत आली आणि म्हणाली, मॅडम, सांगितलं असतंत तर मी वर आले असते. तेवढं एक वाक्य मी आधी बोलायला हवं होतं.

तुमचा चहा कपाबाहेर गेला तो याच कारणाने. वस्तू किती लांब आहे हे मेंदू दोन डोळ्यांची चित्रं ताडून ठरवतो. एक चित्र गढूळ झालं की हातभर अंतरातलं मोजमाप सर्वांत आधी चुकतं. ओतणं, चिरणं, पायरी, सुई. यात तुमचा काही दोष नाही आणि नजर गेल्याचंही हे लक्षण नाही. तोवर हातांना काम द्या. ओतताना पातेल्याची कड कपाच्या कडेला टेकवून मगच तिरकं करा. कप नेहमी एकाच जागी, ट्रेमध्ये ठेवा. जिन्याला कठडा धरायचाच, आणि शेवटच्या पायरीला घरच्यांना पांढरी टेप लावायला सांगा. फोडणी आणि तळण सध्या दुसऱ्या कोणी करावं, कारण मोहरी उडाली की आपला हात आधी डोळ्याकडेच जातो. पोळ्या लाटायला हरकत नाही, भाजायला दुसरं कोणी असू दे. गॅसचा सिलिंडर, पाण्याची कळशी, ओल्या चादरींची बादली यांना हात नको. ज्यांनी पालथं झोपायला सांगितलं तेच डॉक्टर आता वाकू नका म्हणतात, याने बरेच जण गोंधळतात. मान खाली घालायला हरकत नसते. वाकून, श्वास कोंडून जोर लावायचा नसतो. बद्धकोष्ठ असेल तर त्याचंही औषध मागून घ्या, तिथेही जोर लागतो.

आणि उताणं झोपू नका. रात्री नकळत वळता म्हणून पाठीशी तक्का ठेवा. उताणं झोपलं की बुडबुडा पुढे येऊन भिंगाला टेकतो, त्याने मोतीबिंदू लवकर धरतो आणि दाबही वाढू शकतो. हे ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पुढच्या एक-दोन वर्षांत मोतीबिंदू येण्याची शक्यता तशीही बरीच असते. तेव्हा पुढे कधी नजर हळूहळू धुरकट झाली तर पडदा पुन्हा सरकला असं समजून रात्र जागू नका. दाखवून मात्र या.

आता मशीन. तुम्हाला मुळात हेच विचारायचं होतं, पत्रात ते चहाच्या नंतर आलं एवढंच.

आधी मनातली मोठी भीती काढून टाका. बारीक बघितल्याने, वाचल्याने, टीव्ही पाहिल्याने पडदा सुटत नाही. रडल्यानेही सुटत नाही, फक्त डोळे पुसायला स्वच्छ रुमाल घ्या आणि चोळू नका. लेझरची टाचण पक्की व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तुमचे २४ दिवस झाले आहेत. म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना नेमका असा प्रश्न विचारा: "मी मोटरच्या मशीनवर दिवसाला सहा तास शिवते, कधी आणि किती वेळापासून सुरू करू?" नुसतं "काम करू का?" विचारलंत तर ते नुसतं "थोडं थोडं करा" म्हणतील. शिवणकाम म्हणजे काय हे त्यांना माहीत असेलच असं नाही.

त्यांनी हो म्हटल्यावरही लक्षात ठेवा, आता धोका पडद्याला कमी आणि बोटांना जास्त आहे. अंतर न कळणारा डोळा आणि मिनिटाला शेकडो टाके घालणारी सुई ही जोडी वाईट. म्हणून पहिले चार दिवस मोटर बंद. पट्टा सोडवून हाताच्या चाकाने, जुन्या सुती कापडावर, खडूने आखलेल्या रेषेवरून सरळ टीप मारा. सुईपुढे बोटांना आडवी येणारी छोटी जाळी मिळते, ती बसवून घ्या. सुईत दोरा ओवायला तारेचं ओवणं वापरा किंवा लेकीकडून सकाळीच पाच-सहा सुया ओवून घ्या. मशीनवर डाव्या बाजूने उजेड येईल असा दिवा ठेवा, सध्या चांगला डोळा डावा आहे. २० मिनिटं शिवायचं, मग उठायचं. ओव्हरलॉकचे धागे आणि कापडाची भुकटी उडते तेव्हा साधा पारदर्शक चष्मा लावा.

शिवताना एक गोष्ट जाणवेल, तिने दचकू नका. बुडबुडा गेल्यावरही काही महिने उजव्या डोळ्याला सरळ रेष किंचित नागमोडी दिसू शकते, विशेषतः पडद्याचा मधला भाग सुटला होता तर. दोन डोळ्यांची चित्रं लहान-मोठीही वाटतात. हळूहळू बरंच सुधारतं. कोणाचं पूर्ण जातं, कोणाचं थोडं उरतं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. दरवाजाच्या चौकटीकडे एकेका डोळ्याने बघून काय दिसतं ते डॉक्टरांना सांगा. आणि चष्म्याचा नवा नंबर आत्ता काढायला जाऊ नका. तो बदलणार आहे. डॉक्टर म्हणतील तेव्हाच काढा, नाहीतर पैसे वाया जातील.

१७ ब्लाउजचं काय? आज संध्याकाळी लेकीला शेजारी बसवा आणि तीन ढीग करा. पहिला, ज्यांचं लग्न पंधरा दिवसांत आहे. ते उद्याच ओळखीच्या दुसऱ्या शिवणाऱ्या बाईकडे द्या, मापं आणि नमुन्याचा ब्लाउज सोबत. शिलाईतलं काही मागू नका, गिऱ्हाईक तुमचंच राहील. दुसरा ढीग, जे महिनाभर थांबू शकतात. तिसरा फॉल-पिकोचा, तोही सध्या बाहेर. कापायचं काम मोठ्या टेबलावर, दिवसाच्या उजेडात, साध्या कापडापासून सुरू करता येईल. कटोरी आणि प्रिन्सेस कट सर्वांत शेवटी. मापं घेणं मात्र तुम्ही आजही करू शकता, ती टेपेवर बोटांनी कळतात आणि आकडा लेक वाचेल. त्यासाठी दाराशी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवू नका.

फोन उचलून प्रत्येकीची माफी मागत बसू नका. एकच निरोप सगळ्यांना पाठवा: "माझ्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आहे. अमुक तारखेपर्यंत मी नवीन काम घेत नाही. तुमचा ब्लाउज अमुक दिवशी मिळेल. घाई असेल तर कापड घेऊन जा, मला वाईट वाटणार नाही." तारीख सांगताना स्वतःला वाटते त्यात दहा दिवस मिळवा. नोकरदार बाईला निदान रजेचा अर्ज करता येतो. घरात शिवणाऱ्या बाईला रजा कोण देणार? हा निरोप म्हणजेच तुमचा रजेचा अर्ज. तो स्वतःच लिहायचा आणि स्वतःच मंजूर करायचा.

थेंबांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारते, वेळेवर जातात ना? दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. दुधाळ दिसणारी बाटली आधी हलवायची. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर हलका दाबायचा. स्टिरॉइडचे थेंब ठरल्याप्रमाणेच कमी करायचे. बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवू नका आणि बाटली उरली म्हणून पुढे चालूही ठेवू नका, काही जणांच्या डोळ्याचा दाब त्यांनी चढतो. गुलाबपाणी, मध, तूप यातलं काहीही डोळ्यात घालू द्यायचं नाही, सासूबाईंनी कितीही मायेने आणलं तरी.

दुसऱ्या डोळ्याची भीती खोटी नाही. मोठा मायनस नंबर आणि एका डोळ्याला झालेलं, म्हणजे दुसऱ्याला धोका इतरांपेक्षा जास्त. पण त्यावर उपाय आहे. बाहुली मोठी करून डाव्या डोळ्याचा पडदा कडेपर्यंत तपासून घ्या. विरलेली जागा किंवा छोटी फट सापडली तर बहुतेकदा लेझर करून घरी येता येतं. लेकीलाही चष्मा असेल आणि नंबर मोठा असेल तर तिचाही पडदा एकदा दाखवा. आणि ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना पाठ असू देत: डोळ्यात वीज चमकल्यासारखं होणं, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेकडून काळा पडदा सरकत येणं. यातलं काहीही, कोणत्याही डोळ्याला झालं तर त्याच दिवशी दवाखाना. ऑपरेशनच्या डोळ्यात दुखणं वाढत गेलं, लाली परत आली, नजर एकदम उतरली, किंवा डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या, तरी रात्र काढायची नाही.

स्कूटर चालवत असाल तर किल्ली सध्या नवऱ्याकडे द्या. आणि दुपारी तासभर आडवं व्हा, कुशीवर.

एखाद्या सकाळी डावा डोळा झाकाल आणि तळाशी डुचमळणारा वाटाणा दिसणार नाही. कॅलेंडरवरचा गोल त्या दिवशी रिकामा सोडा. पण मनगटाला पट्टी असेल तर लगेच कापू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, ते म्हणाले की मग कापा, तुमच्याच कात्रीने.